शब्दकोड्यात कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे शब्द अडतात, ते ओळखायचे कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेपरातल्या शब्दकोड्यात कंपन्या एकमेकींना विकत घेतात त्यावरचा क्लू आला की चार-पाच शब्द एकदम डोक्यात गर्दी करतात आणि नेमका कोणता बसवायचा ते कळत नाही. उदाहरण म्हणून तुम्ही दिलंय, 'उद्योगातला एक विभाग वेगळा काढणे', सहा घरं, पहिलं 'वि', शेवटचं 'ण'. तुम्ही 'विलीनीकरण' भरलं आणि दुसऱ्या घरातून खाली उतरणारा 'लगाम' फसला. शिवाय इंग्रजी कोड्यांत येणारे असे शब्दही तुम्हाला हवेत.

आधी तुमचं कोडं मोकळं करू. उत्तर 'विलगीकरण'. वि-ल-गी-क-र-ण. दुसऱ्या घरात नुसता 'ल' आला की 'लगाम' सरळ खाली उतरतो. अर्थानं 'विलीनीकरण'च्या बरोबर उलटा शब्द, आणि घरं मोजली तर सहाच्या सहा, त्यातली चार जशीच्या तशी. फरक फक्त दुसऱ्या-तिसऱ्या घरात. कोडं बनवणाऱ्याला आयतं सापडलेलं हत्यार आहे हे.

आणि एवढ्यावर भागत नाही. एकत्रीकरण, खासगीकरण, राष्ट्रीयीकरण, सगळे सहा घरांचे. जोडाक्षर कितीही जाडजूड असलं तरी कोड्यात एकच घर खातं, म्हणून 'राष्ट्रीयीकरण'सुद्धा रा-ष्ट्री-यी-क-र-ण असं सहात बसतं. कंपनी बुडाली की प्रकरण जिथं जातं ते 'न्यायाधिकरण', तेही सहाच. म्हणून धंदा-व्यापाराचा क्लू आणि सहा घरं दिसली की मी शेवटची तीन घरं पेन्सिलीनं क-र-ण अशी भरून टाकतो आणि मग उभ्या शब्दांकडे वळतो. सहा घरं असून शेवटी 'क' येत असेल तर 'निर्गुंतवणूक' तपासा. सरकारनं आपला हिस्सा विकायला काढला की पेपरवाले हाच शब्द वापरतात. शेवटी 'ल' आला तर 'भागभांडवल'.

पण नुसत्या घरांवर विसंबून किती दिवस चालणार? शब्दामागचा व्यवहार डोळ्यांपुढे आला की क्लू वाचतानाच उत्तर सुचतं. या बाबतीत मी नशीबवान. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरच्या बाजूचा, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो. राजुऱ्याहून कोरपन्याकडे जाणारा आमचा रस्ता, दोन्हीकडे कापूस आणि तूर, मधूनच सिमेंटच्या चिमण्या. जमिनीखाली चुनखडी आहे म्हणून हे कारखाने आले. बिझनेसच्या पानावर मालकी बदलण्याचे जेवढे प्रकार छापून येतात, तेवढे जवळजवळ सगळे या पट्ट्यात होऊन गेलेत. एकेक घेतो.

आवारपूरचा कारखाना लार्सन अँड टुब्रोनं ऐंशीच्या दशकात उभा केला. आज फाटकावर अल्ट्राटेकचं नाव आहे. मधे काय झालं ते समजलं की निम्मं कोडं सुटलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एल अँड टीला पक्का मालक असा नव्हता. शेअर वित्तसंस्थांकडे आणि सामान्य लोकांकडे विखुरलेले. अशी कंपनी ताब्यात घ्यायला सोपी. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी धीरूभाई अंबानींनी एक प्रयत्न केला होता, तो तडीस गेला नाही. पुढे २००१ मध्ये रिलायन्सनं आपल्याजवळचे सुमारे १० टक्के शेअर बिर्लांच्या ग्रासिमला विकले. बिर्लांना हवं होतं सिमेंट. बाकीच्या यंत्रसामग्रीशी आणि बांधकामाशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. ग्रासिम बाजारातून आणखी शेअर उचलत गेली, पण १५ टक्क्यांच्या आतच थांबली.

आतच का? कारण सेबी, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी संस्था, तिच्या त्या वेळच्या नियमानुसार १५ टक्क्यांचा उंबरठा ओलांडला की बाकीच्या भागधारकांनाही 'तुमचेही शेअर घेतो' असं जाहीरपणे सांगावं लागायचं. याला म्हणतात खुला देकार. खु-ला-दे-का-र, पाच घरं, आणि कोड्यात कधी नुसता 'देकार', तीन घरं. २०११ च्या नियमांपासून हा उंबरठा २५ टक्के झाला, आणि देकार किमान २६ टक्क्यांसाठी द्यावा लागतो. स्पर्धा परीक्षेचं सामान्य ज्ञान करत असाल तर हे दोन आकडे पाठच करा, एकमेकांत गुंतवून विचारतात.

ग्रासिमनं २००२ मध्ये देकार दिला, शेअरमागे १९० रुपये. आणि रिलायन्सला त्याआधी मोजले होते ३०० हून जास्त. मोठ्याला एक भाव आणि लहानाला दुसरा, यावरून बराच गदारोळ झाला. शेवटी तोड निघाली ती तुमच्या कोड्यातल्या शब्दाची. एल अँड टीचा सिमेंट व्यवसाय २००४ मध्ये वेगळा काढला, त्याची स्वतंत्र कंपनी झाली, तीच अल्ट्राटेक, आणि तिचा ताबा ग्रासिमकडे गेला. बदल्यात ग्रासिमनं मूळ एल अँड टीमधला आपला हिस्सा सोडला, तो कर्मचाऱ्यांच्या न्यासानं घेतला. हे विलगीकरण. 'वेगळा काढणे', 'फारकत', 'विभाग स्वतंत्र करणे' असा क्लू आला की आवारपूर आठवा. चारच घरं असतील तर 'विभाजन'.

दुकानात याची गंमत रोज दिसते. परवा एक काका पेन्शनच्या कागदासाठी आले. कंत्राटी कामगार, आता निवृत्त. विचारलं, "काका, कंपनीचं नाव काय टाकू?" ते म्हणाले, "एलएनटी लिव ना जी, आनखी काय?" मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली, खाली दिलेल्या यादीत अल्ट्राटेक दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि खिशातून जुना गेटपास काढून काउंटरवर ठेवला. घामानं कडा फुगलेल्या, फोटोवर अर्धा शिक्का, आणि वर ठळक एल अँड टी. तारीख २००४ च्या आधीची. मग दोन्ही नावं तारखांसकट दोन ओळींत भरावी लागली. कागदावर विलगीकरण असं दिसतं: माणूस तोच, भट्टी तीच, नोकरीच्या मधोमध मालकाचं नाव तुटलेलं.

उपरवाहीचा कारखाना अंबुजाचा. इथं मालकी दोनदा फिरली आणि नाव तरी अंबुजाच राहिलं. आधी स्वित्झर्लंडच्या होल्सिमनं अंबुजात शिरकाव करून ताबा मिळवला. मग मे २०२२ मध्ये अदानी समूहानं होल्सिमचा भारतातला सिमेंटचा धंदा घेणार असल्याचं जाहीर केलं आणि सप्टेंबरमध्ये व्यवहार पूर्ण झाला. अंबुजासोबत एसीसी ही होल्सिमचीच दुसरी सिमेंट कंपनीही गेली, म्हणजे घुग्गुसजवळचा नकोड्याचा कारखानाही आलाच. खरेदी झाली ती मॉरिशसमधल्या एका गुंतवणूक कंपनीची, जिच्याकडे अंबुजाचे शेअर होते. म्हणजे व्यवहार मॉरिशसच्या कागदावर आणि मालक बदलला कोरपन्याच्या रस्त्यावर. २६ टक्क्यांचा खुला देकारही निघाला, पण तोवर बाजारभाव देकाराच्या वर गेला होता, त्यामुळे फारसं कुणी फिरकलं नाही. कमी भावात कोण देईल?

इथं लागू होणारा शब्द 'अधिग्रहण', पाच घरं, किंवा नुसता 'ताबा', दोन घरं. कंपनी कागदावर जिवंत राहते, नावही टिकतं, फक्त लगाम दुसऱ्याच्या हातात जातो. पाच घरांत 'हस्तांतरण'ही बसतो आणि तोही 'ण'नंच संपतो, तेव्हा चौथं घर बघा: 'ह' असेल तर अधिग्रहण, 'र' असेल तर हस्तांतरण. क्लूचा रोखही वेगळा असतो. घेणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेला असला तर अधिग्रहण. देणाऱ्याच्या बाजूनं किंवा नुसतं 'एकाकडून दुसऱ्याकडे जाणे' असला तर हस्तांतरण. चार घरांत 'संपादन' येतो. आमच्याकडे या शब्दानं आधी जमीनच आठवते, खाणीसाठी गेलेली. 'पेपरात संपादक करतो, जमिनीचं सरकार करतं' असा क्लू मी स्वतः एकदा बनवून ठेवलाय, वापरा हवा तर.

नारंड्याचा कारखाना मुरली इंडस्ट्रीजचा होता. कर्ज थकलं, कारखाना बंद पडला, प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे गेलं. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यानुसार कर्ज दिलेल्यांची समिती बसते, इच्छुक कंपन्या आपापल्या योजना मांडतात, समितीत मूल्यानुसार ६६ टक्के मतं मिळाली की योजना न्यायाधिकरणापुढे जाते. अशा रीतीनं दालमिया सिमेंटनं सप्टेंबर २०२० मध्ये हा कारखाना सुमारे ४०० कोटी रुपयांना घेतला. या एका कहाणीतून कोड्याला पुरतील एवढे शब्द निघतात. दिवाळखोरी (५), दिवाळे (३), थकबाकी (४), तारण (३), लिलाव (३), अवसायक, म्हणजे बुडालेल्या कंपनीचा हिशेब मिटवणारा (५). आणि जुनी जोडगोळी, धनको आणि ऋणको. कर्ज देणारा तो धनको, घेणारा तो ऋणको. दोन्हींत 'णको/नको'चा फसवा शेवट, दोन्ही तीन घरांचे. पहिलं घर उभ्या शब्दातून मिळालं नाही तर क्लूमधलं क्रियापद नीट वाचा, 'देणारा' की 'घेणारा'. मधलं घर सापडलं तरी काम होतं: 'न' की 'ण'.

गडचांदूरच्या माणिकगडबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो सेंच्युरी टेक्स्टाइल्सचा होता, २०१९ मध्ये सेंच्युरीचा सिमेंट विभाग अल्ट्राटेकमध्ये गेला. सेंच्युरीच्या आठ शेअरमागे अल्ट्राटेकचा एक. रोख पैसे हातात आले नाहीत, शेअरच्या बदल्यात शेअर. घरातल्या घरात झालं म्हणा, दोन्हीकडे बिर्लाच.

आता विलीनीकरण आणि एकत्रीकरण, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथंच. वढ्याजवळ पैनगंगा वर्धेला मिळते आणि पुढे नदीचं नाव वर्धाच राहतं, हे विलीनीकरण. तीच वर्धा पुढे वैनगंगेला मिळते तेव्हा दोघींची नावं संपतात आणि प्राणहिता सुरू होते, हे एकत्रीकरण. कोड्यापुरता एवढा फरक पुरतो. सरकारी कागद मात्र हा नियम पाळत नाहीत. १ मे २०२५ ला आपली विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या, नाव राहिलं महाराष्ट्र ग्रामीण बँक, मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. नावाकडे पाहिलं तर विलीनीकरण, कागदावर एकत्रीकरण. दुकानात पासबुक घेऊन येणाऱ्यांना याच्याशी काही देणंघेणं नाही, त्यांचा प्रश्न एकच, "जुना खातेनंबर चालन का?" बँकांचा क्लू असला तर दोन्ही शब्द मनात ठेवा आणि पहिल्या घरावर निर्णय घ्या, 'वि' की 'ए'.

अधिग्रहण आणि विलीनीकरण एकाच कंपनीच्या बाबतीत, दोन वेगळ्या तारखांना पाहायचे असतील तर माइंडट्री घ्या. तीच एल अँड टी, जिला दोनदा दुसऱ्यांनी घेरलं होतं, तिनं २०१९ मध्ये बंगळूरच्या या सॉफ्टवेअर कंपनीवर चाल केली. माइंडट्रीचे मोठे भागधारक व्ही. जी. सिद्धार्थ यांच्याकडचे सुमारे २० टक्के शेअर ९८० रुपयांनी घेतले, मग बाजारातून आणि खुल्या देकारातून आणखी घेत ६० टक्क्यांपर्यंत पोचली. माइंडट्रीच्या संस्थापकांचा विरोध होता, तो उपयोगी पडला नाही. तरी २०२२ पर्यंत माइंडट्री स्वतंत्र कंपनी म्हणून बाजारात होती, म्हणजे तोवर नुसतं अधिग्रहण. नोव्हेंबर २०२२ मध्ये एल अँड टी इन्फोटेकमध्ये ती मिसळली आणि एलटीआयमाइंडट्री झाली, तेव्हा विलीनीकरण.

राष्ट्रीयीकरण आणि खासगीकरण सोपे. सरकारनं घेतलं तर पहिलं, सरकारनं विकलं तर दुसरं. १९६९ मध्ये १४ बँका, १९७३ मध्ये आपल्या वणी-बल्लारपूर पट्ट्यातल्याही कोळसा खाणी, हे राष्ट्रीयीकरण. २००१ मध्ये बाल्को या सरकारी अॅल्युमिनियम कंपनीचा ५१ टक्के हिस्सा स्टरलाइटला, २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांना, हे खासगीकरण. शेवटच्या बाबतीत गंमत अशी की विमान कंपनी मुळात टाटांचीच होती, म्हणजे एकाच उत्तरात दोन्ही शब्दांचा इतिहास.

इंग्रजीकडे वळू. तिथं अक्षरं नव्हे, वर्ण मोजतात, आणि अमेरिकी कोडी व ब्रिटिश धाटणीची कूट, म्हणजे शब्दांशी खेळून उत्तर लपवणारी, कोडी यांत जमीन-अस्मानाचा फरक. अमेरिकी कोड्यात सरळ माहिती विचारतात आणि स्वर जास्त असलेली छोटी नावं पुन्हापुन्हा येतात. 'कंपन्यांवर धाड घालणारा कार्ल', पाच वर्ण, उत्तर आयकान. १९८५ मध्ये यानं टीडब्ल्यूए ही विमान कंपनी ताब्यात घेतली होती. तीन वर्णांत एलबीओ, म्हणजे जी कंपनी घ्यायची तिच्याच मालमत्तेच्या भरवशावर कर्ज काढून ती घेणं. केकेआर या गुंतवणूक कंपनीनं आरजेआर नाबिस्को ही सिगारेट-बिस्किटांची कंपनी अशीच घेतली, १९८८-८९ मध्ये, सुमारे २५ अब्ज डॉलरला. तीन वर्णांतच एओएल ही इंटरनेट कंपनी, क्लू बहुतेक 'टाइम वॉर्नरची एकेकाळची जोडीदार' अशा अर्थाचा.

बचावाचे शब्द जास्त मजेशीर. 'पॉयझन पिल' (६, ४): कुणी ठरावीक टक्क्यांवर शेअर गोळा केले की बाकीच्यांना स्वस्तात नवे शेअर मिळतात आणि चाल करून येणाऱ्याचा हिस्सा पातळ होतो. ही युक्ती मार्टिन लिप्टन या वकिलानं १९८२ च्या सुमारास काढली. 'व्हाइट नाइट' (५, ६): नको असलेल्या गिऱ्हाइकापासून सोडवायला बोलावलेलं दुसरं, बरं वाटणारं गिऱ्हाईक. २००६ मध्ये लक्ष्मी मित्तल आर्सेलर ही युरोपातली पोलाद कंपनी घ्यायला निघाले तेव्हा आर्सेलरनं रशियाच्या सेवेरस्तालला असं बोलावलं होतं. शेवटी कंपनी मित्तलांकडेच गेली. 'ग्रीनमेल' (९): शेअर गोळा करून धमकवायचं आणि कंपनीलाच ते चढ्या भावानं परत विकायचे. 'गोल्डन पॅराशूट' (६, ९): मालक बदलून साहेबांची नोकरी गेली तर त्यांना मिळणारी गलेलठ्ठ रक्कम. 'पॅक-मॅन' (३, ३): जो आपल्याला गिळायला आला त्यालाच आपण विकत घ्यायला निघायचं, १९८२ मध्ये मार्टिन मॅरिएटानं बेंडिक्सवर हा डाव उलटवला. बाकी बिड, रेड, मर्जर, बायआउट हे तर नेहमीचे.

भारतीय इंग्रजी पेपरांच्या कोड्यात ब्रिटनमधले उद्योजक स्वराज पॉल येऊ शकतात. १९८३ मध्ये लंडनहून त्यांनी एस्कॉर्ट्स आणि डीसीएम या भारतीय कंपन्यांचे शेअर गोळा करायला सुरुवात केली, आणि इथल्या उद्योगपतींना पहिल्यांदा घाम फुटला.

मराठी कोडी बहुतेक समानार्थी शब्दांचीच असतात, कूट क्लू क्वचितच. पण ती वेळ आली तर तयारी असावी म्हणून सरावाला माझे तीन देतो, उत्तरं लगेच पुढे. 'कंपनीवर तो मिळाला की शेवटी वडील भेटतात', दोन घरं: ताबा, कारण शेवटी 'बा'. 'जोडणीतून एकदम फारकतीकडे जायचं तर "लीनी" काढून काय घालाल?', दोन घरं: लगी. आणि 'सेबीची परवानगी न घेता लग्नघरीही लावता येते', दोन घरं: बोली. तिसरा आमच्या घरी कुणालाच पटलेला नाही. बायको म्हणते लग्नघरी लावतात ती बोली नसते, करतात ती बोलणी असते. तुम्हाला पटला तर ठेवा, नाहीतर खोडा.